मोठ्या रिंगा

प्रिय फुआतिनो,

हे पत्र पास्टरांच्या पुतणीबरोबर पाठवतोय, गुरुवारच्या विमानाने ती ऑकलंडला येतेय. फोनच केला असता, पण तुझी आई फोन कायम मोठ्या आवाजावर ठेवते आणि मग अख्खं गाव ऐकतं.

आई मजेत आहे. तुम्ही कायमचे येणार म्हणून नातवंडांसाठी चटया विणत बसते आणि माझ्यावर तोंडसुख घेते. "अहो, नुसते कोको ढोसत काय बसलाय, वरच्या मजल्याच्या खांबांच्या रिंगा वाकवायला घ्या!"

खांबाच्या उभ्या सळयांना कवळून धरणाऱ्या या चौकोनी रिंगा तर मी जन्मभर वाकवल्या. खिळे ठोकलेली फळी, लोखंडी नळी आणि सहा मिलीची सळई दिली की दिवसाला दोनशे. आपियाच्या गोदीवर आसोमुआ मुकादम ओरडायचा, "पेनि, रिंग लहान ठेव रे. चारी बाजूंनी दोन इंच आत राहू दे, वर काँक्रीटचं पांघरूण नको का तिला?" मला वाटायचं, मेला कंजूष, सळई वाचवतोय. तू पाठवलेल्या पैशांतून आपलं घर बांधताना म्हटलं, माझ्या लेकीच्या घराला काटकसर नाही. बारा इंची खांबाला साडेअकरा इंची रिंगा घातल्या. मोठी रिंग म्हणजे मोठी ताकद, असं माझं गाढवाचं गणित. साचा काढला तर रिंगांचे कोपरे बाहेर डोकावत होते. वरून गिलावा थापला आणि छाती फुगवून गावभर हिंडलो.

समुद्र दारातच आहे, तिनो. खारा वारा आत शिरला. आधी गंजाच्या तांबड्या रेघा आल्या, मग भेगा. दर ऑक्टोबरात, मुलांच्या पांढऱ्या रविवारच्या सणाआधी, मी भेगा बुजवून रंग द्यायचो आणि तुला फोटो पाठवायचो. इस्पितळाच्या फरशा पुसून आलीस की ते फोटो बघत झोपतेस, असं तू एकदा म्हणालीस. त्यानंतर खरं सांगायची हिंमतच झाली नाही. मी भित्रा आहे, दुसरं काय.

सोमवारी पुढच्या खांबाचा परातीएवढा तुकडा पडला. आई नुकतीच तिथून उठली होती. तिला वाटतं, नुसता गिलावा निघाला. आतल्या रिंगेला हात लावला तर बिस्किटासारखा चुरा झाला. बाकीचे खांब ठोकून पाहिले, सगळे पोकळ वाजतात. आपियाहून एक जाणकार आणला. तो म्हणाला, "काका, दुरुस्तीचं नाव काढू नका. पाडा." आम्ही आता मागच्या स्वयंपाकाच्या छपरात झोपतो. रंगाचा वास जाईपर्यंत, असं आईला सांगितलंय.

शुक्रवारी तू राजीनामा देणार आहेस, म्हणून हे लिहितोय. देऊ नकोस, बाळा. खोली सोडू नकोस, मुलांची नावं शाळेतून काढू नकोस. तू अठरा वर्षं राबून जे उभं केलंस, त्याच्याखाली मी माझ्या नातवंडांना झोपू देणार नाही. नवीन बांधायचं बळ माझ्यात उरलेलं नाही, आणि तुझ्याकडे कुठल्या तोंडाने मागू? आईला काय सांगायचं, तेही सुचत नाही. इतकी वर्षं देवाकडे एवढंच मागितलं की माझी पोर घरी येऊ दे. आता मीच सांगतोय, येऊ नकोस.

तुझाच,
बाबा