तळ्यातलं मैदान

रेणापूर, शुक्रवार. वैशाख सरत आला.

नव्या लातूर जिल्ह्याच्या कचेरीतून आज क्रीडा अधिकारी आले होते. आमच्या कबड्डी मंडळाला सरकारी अनुदान पाहिजे तर मंडळाकडं मैदान पाहिजे, हा त्यांचा नियम. गावात सपाट जागा कुठं हाय? म्हणून अध्यक्ष बाबूमामांनी साहेबांना सरळ गावतळ्यात नेलं. दुष्काळानं तळं पार आटलंय, पोरं तिथंच खेळत्यात.

साहेब खूश. "असं मैदान लातुरातही नाही," म्हणाले. मग वाकून त्यांनी एक शिंपला उचलला. "हा इथं कसा?"

बाबूमामा म्हणाले, "पोरं आणत्यात साहेब, खेळाया."

मी मंडळाचा चिटणीस, मी बोलायला पाहिजे होतं का? पण समोर पोरं उभी होती. तेच शिंपले लागून गुडघे फुटलेली. उदगीरच्या सामन्यांना जायला एसटीचं भाडं न्हाई म्हणून घरी बसलेली. मी साहेबांपुढं अनुदानाचा अर्ज धरला.

"महिन्याभरात मैदान परत बघतो, मग पैसे सोडतो," म्हणून साहेब गेले. शिंपला मात्र खिशात टाकून नेला. का नेला? कळलं असेल का त्यांना?

सांजच्याला बायको टँकरवरून रिकामी घागर घेऊन आली. दारातच थांबून म्हणाली, "आभाळ भरून आलंय वो. हात जोडा की."

जोडले. आणि मनात आलं, साहेब परत येऊन जाईस्तोवर थांब रे बाबा.