बसच्या अंगावरची निळी रेघ

सोमवार, ता. ३

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्रच लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही शिलाई मशीन थांबवत नाही आणि मला नुसता खडखडाट ऐकू येतो. तुमच्या गावच्या बसचा कंडक्टर भला माणूस आहे. तो हे दुकानात आणून देईल, उत्तरही त्याच्याच हाती पाठवा.

मला अखेर वर्ग मिळाला. सात वर्षं बस चालवून झाल्यावर आता मी डेपोतल्या बावीस ड्रायव्हरांना शिकवते, की रस्त्यावर सायकलवाल्याचाही हक्क असतो. त्याच्या बाजूने जाताना दीड मीटर जागा सोडायची, तेवढी नसेल तर मुकाट्याने मागे राहायचं. एवढंच. पण वर्ग जेवणानंतर असतो. चौघे घोरतात आणि बाकीचे उघड्या डोळ्यांनी झोपतात. एकाने विचारलं, की दीड मीटर मोजायला टेप घेऊन खाली उतरायचं का? सगळे खो खो हसले. मीही हसले, पण आतून जळफळाट झाला. साहेबांनी महिन्याची मुदत दिली आहे. सायकलवाल्यांच्या तक्रारी कमी झाल्या नाहीत तर वर्ग गुंडाळणार. दोन वर्षं हात धुऊन मागे लागले तेव्हा कुठे मिळालाय, बाबा.

आणि एक गंमत. तुमच्या बाजूने येणाऱ्या बसच्या अंगावर हल्ली निळ्या रेघा असतात, सगळ्या एकाच उंचीवर. बस धुणाऱ्या मावशी वैतागल्या आहेत. हे उद्योग कुणाचे, जरा कानोसा घ्या.

आईला नमस्कार. लोभ मशीनच्या वेगाने वाढू द्या.

तुमची ठमी

*

गुरुवार, ता. ६

चि. ठमीस अ. उ. आ.

कानोसा घेतला. चोर सापडला. तोच हे पत्र लिहितो आहे.

रोज सायकलवरून दुकानात जाताना तुमच्या बस माझ्या कोपराला वारा घालत जातात. ओरडून काही उपयोग नाही, ड्रायव्हरपर्यंत आवाज पोचायच्या आत बस पुढच्या चौकात. मग दुकानातली लाकडी मीटरपट्टी कॅरियरला आडवी बांधली, एका बाजूला बाहेर काढून, आणि तिच्या टोकाला कापडावर खुणा करायचा निळा खडू. लांबून जाईल त्याला काही नाही. अंगावर येईल त्याच्यावर खूण. माप चुकलेल्या कपड्यावरही मी खूणच करतो, त्याच्याशी भांडत बसत नाही. तुझा नियम दीड मीटरचा, माझी पट्टी एक मीटरची. शिवणीत सोडतो तशी अर्धा मीटर माया सोडली आहे. तरी आठवड्याला एक खडू संपतो, यावरून तुझे विद्यार्थी ओळख.

तुझी आई म्हणते, या वयात ही थेरं शोभत नाहीत. मी म्हटलं, दुसरं वय आता कुठून आणू?

लोभ असावा, पण दीड मीटर लांबून नको.

तुझे बाबा

*

सोमवार, ता. १०

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी कपाळाला हात लावला, मग पोट धरून हसले आणि मग घाबरले. ती पट्टी आधी काढा. बसला कुठे अडकली म्हणजे?

पण खरं सांगू? तुमच्या रेघांनी माझा वर्ग जागा केला. मी नियमच केला आहे. ज्याच्या बसवर रेघ, त्याने ती सगळ्यांसमोर स्वतः पुसायची आणि त्या क्षणी डोक्यात काय चाललं होतं ते खरं खरं सांगायचं. पहिली पाळी टेपवाल्या महाशयांवरच आली. फडकं पिळत पिळत म्हणाले, चहाचा विचार करत होतो. रेघा कोण ओढतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

उद्या तुमच्या मार्गावरचा ड्रायव्हर रजेवर आहे, म्हणून अकराच्या सुमाराची बस मीच आणते आहे. उतरून दुकानात डोकवायला वेळ मिळणार नाही, रागावू नका.

पट्टी काढल्याचं कळवा. लोभ आणि ब्रेक दोन्ही शाबूत ठेवा.

तुमची ठमी

*

गुरुवार, ता. १३

चि. ठमीस अ. उ. आ.

पट्टी निघाली. म्हणजे मोडली. मी रस्त्याकडेच्या गवतात बसलो, म्हणजे पडलो. कोपर खरचटलं, गुडघा सुजला, चष्मा वाचला. चूक माझीच, एका हाताने सायकल चालवत होतो. कुठली बस, किती वाजता, असले प्रश्न विचारू नकोस आणि शोधतही बसू नकोस. वर्ग नीट घे.

लोभ आहेच.

तुझे बाबा

ता. क. हे मी लिहिते आहे. मंगळवार, सव्वाअकरा. ते सांगू नको म्हणतात, पण मला पोटात ठेवणं जमत नाही. — आई

*

शनिवार, ता. १५

ती. बाबांना शि. सा. न.

मंगळवारची सव्वाअकराची बस मी चालवत होते. ते तुम्हाला माहीत होतं, म्हणून तुमचं पत्र इतकं तोकडं.

बुधवारी सकाळी मावशींनी मला हाक मारली. माझ्या बसवर पुढच्या चाकापासून पार मागेपर्यंत रेघ होती, आजवरची सगळ्यांत लांब. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी ओलं फडकं घेतलं आणि पुसून टाकली. मावशींना म्हटलं, कुणाला बोलू नका. मनाची समजूत घातली, की नुसती रेघच तर आहे, बाबांना काही झालं असतं तर कळलं असतं. आणि दुपारी वर्गात उभी राहून तोंड वर करून दीड मीटरवर बोलले. काल तुमचं पत्र आलं.

आज जादा वर्ग बोलावला. फळ्याचा पांढरा खडू घेऊन बसवर तीच रेघ पुन्हा ओढली आणि बावीस जणांसमोर बादली घेऊन पुसायला लागले. डोक्यात काय होतं तेही सांगितलं. सात मिनिटं उशीर झाला होता. पुढे एक सायकलवाला होता. मी हॉर्न वाजवला, तसा त्याने मागे न बघताच हात वर केला. मला वाटलं, थांब म्हणतोय. मी पुटपुटले, की या लोकांना घरी काही कामधंदा नाही का, आणि बस पुढे काढली. बाबा, वरून मला नुसती एक पाठ दिसली होती. तुमची पाठ मला ओळखू आली नाही.

तो सायकलवाला कोण, हेही सांगितलं. कुणी हसलं नाही. टेपवाल्याने माझ्या हातातली बादली घेतली आणि उरलेली अर्धी रेघ त्याने पुसली. साहेब दारात उभे राहून सगळं ऐकत होते. आता वर्ग राहतो की जातो, मला माहीत नाही.

उद्या येते. गुडघा मी शेकणार आहे. माझीच मला लाज वाटते. तरी लोभ कमी करू नका.

तुमची ठमी

ता. क. तुम्ही हात का वर केला होता?

*

रविवार, ता. ३०

चि. ठमीस अ. उ. आ.

त्या रविवारी तू येऊन गुडघा शेकलास आणि रडून माझा नवा शर्ट भिजवलास. हाताचं विचारलंस तेव्हा मी विषय बदलला. समोरासमोर बोलणं मला जमत नाही, म्हणून लिहितो.

सात वर्षं तू दुसऱ्या मार्गावर होतीस. लेक बस चालवताना मी कधी पाहिली नव्हती. तू येणार म्हणून दुकान बंद करून मुद्दाम त्या वेळी रस्त्यावर आलो. मागून हॉर्न ऐकू आला. मला वाटलं, तू मला हाक मारलीस. म्हणून हात केला.

आता ते पुरे. गुडघा बरा आहे. नवी पट्टी बांधली आहे, तुझ्या आईच्या नाकावर टिच्चून, आणि या वेळी पुरी दीड मीटरची. वर्ग कायम झाल्याचं कंडक्टरने सांगितलं तेव्हा मी त्याला बसवून चहा पाजला, त्यात बसला उशीर झाला तो माझ्या नावावर घाल. तुझ्या टेपवाल्याला मात्र समज दे. परवा चौकापर्यंत माझ्यामागून गोगलगायीसारखा आला, तोच होता हे कंडक्टरने सांगितलं. उतारू खिडकीतून माना काढून बघत होते. शेवटी मीच लाजून सायकलवरून उतरलो. जागा सोड म्हटलं होतं, वरात काढ म्हटलं नव्हतं.

या आठवड्यात निळा खडू फक्त कापडावर चालला.

मंगळवारी बस तूच घेऊन ये. हॉर्न वाजव, मी हात करीन. लोभाला माप नसतं, तो असू दे.

तुझे बाबा

ता. क. हात मी करीन, रस्त्याच्या कडेला उभी राहून. ते दोन्ही हात हँडलवर ठेवतील. — आई