आईच्या जागेखालच्या तांब्याबाबत

प्रति,
मा. वरिष्ठ भूवैज्ञानिक,
दख्खन ताम्रशोध कक्ष,
अहिल्यानगर.

विषय : मौजे हिरवाखडक, ता. राहुरी येथील ख्रिस्ती दफनभूमीत बोअर क्र. ७ शेजारी एक कबर खोदण्यास परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : आमचे आधीचे तीन अर्ज, आपले एक पत्र, आणि आपल्या कार्यालयातून फोनवर सांगितलेल्या काही गोष्टी, ज्या कागदावर द्यायला कोणी तयार नाही.

महोदय,

१. मी याकोब पुंजाराम उजागरे, नोकरीनिमित्त केडगावला राहतो, गाव हिरवाखडक. माझे वडील पुंजाराम वरील दफनभूमीत पुरलेले आहेत. त्यांच्या डाव्या बाजूला त्यांची पहिली पत्नी ग्रेसबाई आहे. उजवी बाजू दुसऱ्या पत्नीसाठी, म्हणजे माझी आई मोनिकाबाई हिच्यासाठी मोकळी ठेवलेली होती. आई हयात आहे. वय एकोणऐंशी. त्याच जागेवर आज आपल्या बोअर क्र. ७ चा सिमेंटचा चौथरा, लोखंडी पाइप, काटेरी तार आणि ‘खोदकामास सक्त मनाई’ असा फलक आहे.

२. आपल्या पत्रात ‘या परिसरात तांबे प्रथमच आढळले’ असे लिहिले आहे. ते दुरुस्त व्हावे. इंग्रजांच्या काळात कोणी साहेब या माळावरचे हिरवे डाग पाहून गेला होता, असे मिशनमधली जुनी माणसे सांगत. पुढे बहात्तरच्या दुष्काळी कामावर खडी फोडताना माझ्या वडिलांना काळ्या दगडाच्या पोकळीत, पांढऱ्या स्फटिकांच्या मध्ये, लाल धातूचा पापुद्रा सापडला. कांद्याच्या सालीइतका पातळ. तेव्हा सर्वेक्षणवाले जीप घेऊन आले, दोन खड्डे घेतले आणि सांगून गेले, की हिरवे दिसते ती साधी माती आहे आणि लाल पापुद्रा म्हणजे सुरुंगाच्या तारेचा तुकडा. वडील शेवटपर्यंत म्हणत, “तार न्हवती ती. दगडात उगावलं हुतं.” आपल्या बोअरने त्यांचे म्हणणे खरे ठरवले, त्याबद्दल आभार. पण जागा तीच का घेतली?

३. कारण चूक झाली. आपल्या लोकांनी बोअरची जागा दाखवण्यासाठी चुना लावलेला दगड ठेवला होता. तो दफनभूमीच्या कुंपणाबाहेर, माळावर. आमच्यातही राखलेल्या कबरीच्या जागेवर दगड ठेवतात आणि नोव्हेंबरात, मृतांच्या सणाला, त्याला चुना देतात. आईने स्वतः दिला होता. तुमचा दगड पावसाने धुतला गेला होता, आईचा लख्ख होता. मशीनवाल्यांनी लख्ख दगड पाहिला आणि तिथेच जमिनीत नळी घातली.

३ (पुन्हा). हे मी रागाने लिहिलेले नाही. चूक कोणाचीही होते. पण चूक कळल्यावर आपण कुंपणाबाहेर, योग्य जागी, पुन्हा बोअर घेतला आणि तिथे काहीच लागले नाही. म्हणजे शासनाच्या नकाशावरच्या जागी तांबे नाही. ते आईच्या दगडाखाली आहे. तेव्हापासून ती जागा चूक राहिली नाही, ‘महत्त्वाची नोंद’ झाली.

४. (वगळला. यात आईच्या प्रकृतीचे वर्णन होते. तिने वाचले व खोडायला लावले. म्हणाली, “मला मरायला टेकलेली दाखवू नको. जागा पायजे मला, कीव न्हाई.”)

५. आपण पत्रात सुचवले आहे, की दफनभूमीच्या उत्तरेस पुरेशी मोकळी जागा आहे. उत्तरेची जागा ग्रेसबाईंच्या पलीकडे येते. हे मी आईला वाचून दाखवले. तिचे उत्तर आहे तसे देतो, कारण त्याचे सरकारी मराठी मला करता आले नाही : “जल्मभर तिच्याच भांड्यात सैपाक केला. तिचा फोटो पुसला. आता मेल्यावर बी तिच्या पल्याड निजू व्हय? तुज्या सायबाला इचार, त्याची बायकू निजंल का.” शेवटचे वाक्य मी काढणार होतो. ती समोर बसली आहे.

६. अर्जदाराचा मोनिकाबाईंशी रक्ताचा संबंध काय, असे आपल्याकडून विचारण्यात आले. रक्ताचा संबंध नाही. मी ग्रेसबाईंचा मुलगा. त्या गेल्या तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. त्यांचा चेहरा मला फोटोतलाच माहीत आहे. मोनिकाबाईंना स्वतःचे मूल झाले नाही. अर्ज करायला त्यांचे दुसरे कोणी नाही. एवढ्यावर माझा अर्ज बाद होत असेल तर तसे स्पष्ट लिहून द्यावे. ते लिहिणाऱ्याने खाली सही करावी.

७. आता खडकाचे. आपल्याच अहवालाप्रमाणे लाव्हा थंड होताना वाफेमुळे त्यात पोकळ्या राहिल्या. फार पुढे त्यांतून पाणी झिरपले आणि तांबे त्या रिकाम्या जागांत येऊन बसले. (आईने सांगितले, यात नवल काय, आपल्या घरात तेच झाले.) हे तांबे शंभर फुटांच्या खाली आहे. कबर सहा फुटांची असते. वर आई, खाली तांबे, मध्ये नुसता कातळ. कबरी खोदणारे कल्याणमामा आपल्या माणसाला तोंडावर म्हणाले, “सायेब, ही म्हातारी तांबं घिऊन कुटं पळनार हाय?” तो हसला. परवानगी मात्र आली नाही.

८. मागच्या सोमवारी फोनवर सांगितले गेले : “काका, असं करा, मृत्यू झाला की दाखल्यासह अर्ज टाका. पंचेचाळीस दिवसांत निर्णय होईल.” पंचेचाळीस दिवस आईला कुठे ठेवायचे, हे विचारले तेव्हा फोन दुसऱ्याकडे दिला. दुसऱ्याने प्रश्न पुन्हा सांगायला लावला. मी सांगितला. त्याने पहिल्याला विचारले.

९. आमच्या माळावर माती वीतभर आहे. खाली कातळ. माणूस गेल्यावर खोदायला लागलो तर दोन दिवस जातात, म्हणून कोणी कोणी कबर आधीच फोडून मातीने भरून ठेवतात. आम्ही तेवढेच मागत होतो. ‘होतो’ असे लिहिताना माझ्या लक्षात आले, की वरचा विषय आता बरोबर नाही. तो पुढीलप्रमाणे वाचावा.

विषय (बदललेला) : कबर खोदण्यास सुरुवात केल्याचे कळविण्याबाबत.

१०. आज सकाळी कातळ फोडायला ट्रॅक्टरचा ब्रेकर लावला आहे. आपल्या पाइपला आणि चौथऱ्याला हात लावलेला नाही. त्यासाठी खड्डा हातभर सरकवावा लागला. सरकायचेच तर त्यांच्याकडे सरका, असे आईने सांगितले, म्हणून आता वडिलांची आणि तिची मधली भिंत पातळ झाली आहे. निघणारा प्रत्येक हिरवा दगड तारेच्या बाजूला वेगळा रचत आहोत. तो शासनाचा. आम्हाला खड्डा पुरे.

काम थांबवायचे असल्यास पत्र पाठवू नये, आपण स्वतः यावे. आई खड्ड्याच्या काठाला खुर्ची टाकून बसली आहे. मी मध्ये पडणार नाही. तिच्याशी आपणच बोलावे.

परवानगीविना, तरीही आपला नम्र,

याकोब पुंजाराम उजागरे
हिरवाखडक, दि. ९ फेब्रुवारी २०२६

अर्ज वाचला. बरोबर हाय. येताना डोक्याला टोपी घालावी, माळावर सावली न्हाई.
— मोनिका पुंजाराम उजागरे (सही)