यादीत न दिसणारी ओळ

४ मार्च
सकाळी सकाळी नेत्रपेढीच्या सिस्टर दारात! 'एकूण रुग्णांचा आकडा एक सांगतो, यादी दुसरंच. यादीत कोणीतरी एक कमी पडतंय.' मी म्हटलं, मशीन खोटं बोलत नाही. 'मग माणूस गिळतं का?'

बघतो म्हटलं. या हॉस्पिटलात संगणक सांभाळताना माझं निम्मं काम हे एवढं वाक्य म्हणण्याचं.

५ मार्च
सापडलं. रुग्णांच्या नोंदींचं टेबल धडधाकट आहे, इंडेक्स बिघडलाय. म्हणजे पुस्तकात पान आहे, पण मागच्या सूचीत त्याचा पत्ता नाही. बुबुळासाठी थांबलेल्यांची यादी नोंदणीच्या तारखेप्रमाणे लागते, ती या सूचीवरूनच. मागे सर्व्हरची वीज गेली होती, तिचा प्रताप असणार. इंडेक्स नव्याने बांधला की झालं. चहा निवायच्या आत संपणारं काम.

आईचं नावही याच यादीत — सर्वांत वर.

आधी बॅकअप, मग टेबलाची नक्कल करून तिच्यावर प्रयोग. खऱ्या टेबलाला थेट हात घालणाऱ्यांना मी नेहमी शिव्या घालतो.

६ मार्च
नक्कल दुरुस्त केली. हरवलेली ओळ वर आली — अगदी वर. कोणी शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत. आई त्यांच्या खाली.

७ मार्च
खऱ्या टेबलाला हात लावला नाही. बॅकअप पुन्हा तपासायला हवा.

८ मार्च
बॅकअप पुन्हा तपासला. उत्तम आहे. सिस्टरना सांगितलं, घाई नको, डेटा नाजूक असतो. साफ खोटं! डेटाला काही झालेलं नाही. आज-उद्या कोणा दात्याचे डोळे मिळाले तर फोन आईला येईल. त्या बाईंना कळणारही नाही. कोणालाच कळणार नाही. स्वतःची लाज वाटते, आणि तरी हात पुढे होत नाही.

१० मार्च
आईने माझा शर्ट समजून खिडकीच्या पडद्याची घडी घातली. मग कळलं तेव्हा हसली. मला हसू येईना. सगळं सांगून टाकलं.

आईचा जन्म तिकीटखिडकीत गेला. म्हणाली, 'मध्ये घुसणाऱ्यांना मी आयुष्यभर हाकललं, आणि आता तू मलाच घुसवतोस होय रे?'

'आई, तुला दिसेल गं!'

'दिसेल की. पण आधी तिला.'

मग पडदा उलगडून माझ्या हातात दिला. लाव म्हणाली.

११ मार्च
इंडेक्स बांधला. आकडा आणि यादी जुळले. सिस्टर म्हणाल्या, 'एवढंच होतं?' हो, एवढंच होतं. आई दुसरी. दिवसभर जेवण गेलं नाही.

१४ मार्च
सिस्टरचा फोन — एका दात्याचे डोळे मिळालेत, त्या शिवणकामवाल्या बाई निघाल्यासुद्धा. 'आणि तुम्ही आईंना घेऊन लगेच या.'

म्हटलं, आई तर दुसरी आहे.

'अहो, माणसाला डोळे किती असतात?'

आमच्या दात्यांच्या टेबलात एका माणसाची एकच ओळ. मी इतके दिवस ओळीच मोजत बसलो!

आई चाचपडत चपला शोधत होती. म्हणाली, 'एवढं साधं तुला दिसलं नाही रे?'