पडद्यावरचा अंगठा

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला गेला असेल. नसल्यास तो आता घरचाच समजावा. मी बरा आहे, म्हणजे पडदा येईपर्यंत होतो.

झालं असं की, आमच्या सराफी दुकानात शेठनी भिंतीवर मोठा पडदा बसवला. अंगठी मी बोटात घालून कॅमेऱ्यापुढे धरायची आणि गिऱ्हाइकाने बसल्या जागी पाहायची. पहिलीच अंगठी घातली, वर पाहिलं आणि गारच पडलो. अंगठीशेजारी उशीएवढा अंगठा, नख निम्मं गायब, कडेची कातडी उंदराने कुरतडल्यासारखी. (कोणाचा म्हणून मी आधी शेजारच्या विक्रेत्याकडे पाहिलं.) खरेदीला आलेली नवरीची आई शांतपणे शेठना म्हणाली, "अंगठी छान आहे हो, पण याला घरी जेवायला घालत नाहीत का?" आणि उठून समोरच्या दुकानात गेली. शेठनी मला महिन्याची मुदत दिली आहे: नखं वाढव, नाहीतर मागच्या खोलीत बसून डब्या पूस. बावीस वर्षं काउंटरवर उभा असलेला माणूस मी, ताई.

डॉक्टरांनी नखांना लावायला कडू औषध दिलं. तीन दिवस तोंड वाकडं झालं, चौथ्या दिवशी चहाच मिळमिळीत लागला. मग ते म्हणाले, सवय मोडायची तर आधी ती ओळखा. हात तोंडाकडे गेला की प्रसंग वहीत टिपा. मला वाटायचं, मी काळजीने कुरतडतो. पण शेठ ओरडले तेव्हा नोंद नाही, दाढ काढली तेव्हाही नाही (तेव्हा तोंडात दुसऱ्याचाच हात होता, ते सोड). आठवड्याच्या चौदा नोंदींपैकी अकरांपुढे एकच प्रसंग: ताईचा फोन. मी वही दोनदा उलटसुलट पाहिली. अक्षर माझंच. तू तासभर बोलतेस, मी ऐकतो. तोंडाला काम नसतं, मग ते आपलं आपण शोधतं.

रागावू नकोस. गुडघ्याला शेक दे.

तुझा,
धाकटा

ता. क. मुदतीचे एकोणीस दिवस उरलेत. तोवर फोन करू नकोस, पत्रच लिही. उत्तर लिहिताना माझा हात गुंतलेला राहतो.

ता. क. आणखी एक. पत्र आत्ता पुन्हा वाचलं. पेन उजव्या हातात होतं. डावा अंगठा सकाळपेक्षा आखूड आहे. फोनच कर, फक्त अधूनमधून मलाही बोलू दे.