मोसंबीच्या सालीचा वास

मंगळवार, उद्या कोजागिरी

ढवळी मेंढीचं कोकरू काल मेलं. तांबडी मेंढी साप चावून गेली, तिचं कोकरू बिनमायचं राह्यलं. आबा सकाळपासून ते ढवळीला लावून राह्यले, पण ती वास घेऊन लाथ मारायची. "दूध न्हाई भेटलं तर हे उद्या दिसत न्हाई," आबा म्हणले.

बागेत मोसंबीची तोड चालू व्हती. मी हिरवी साल कोकराच्या पाठीवर पिळली, मंग ढवळीच्या नाकावर. खोडीच, दुसरं काय.

दादा म्हणला, "ए बाई, लगीन लावती का त्याचं? हळद पण लाव."

ढवळी शिंकली. परत हुंगलं, अन् गप उभी राह्यली. कोकरानं गुडघे टेकून तोंड लावलं. शेपूट नुसतं वळवळून राह्यलं. आबा टोपी काढून खालीच बसले.

सांजच्याला वास उडून गेल्ता, मी हुंगून पाह्यलं. आता लाथ बसतीच, असं वाटलं. सगळे कोकरं एकदम सोडले, तर ढवळी त्या गलक्यात वरडत त्यालाच धुंडत आली. शेपूट परत तसंच.

मंग मी तिला फसवलं, का तिला ठाऊकच व्हतं? माझ्या हाताला सालीचा वास हाय अजून. धुवावंच वाटंना.