पेशी ऐकेनाशा झाल्या

तीर्थरूप आईस,

प्रयोगशाळेतल्या खुर्चीतूनच नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीला विचारलं की ती विषय बदलते.

बशीत पेशी वाढवायच्या, हार्मोन घालायचं आणि त्या काय करतात ते मोजायचं, हे माझं काम तुला माहीत आहेच. शुक्रवारी हार्मोन घातलं आणि धुवायचं विसरून खोलीवर आले. सोमवारी नवा थेंब टाकला, तर पेशी ढिम्म. मला वाटलं, मेल्या.

प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई हसल्या. "मेल्या नाहीत गं, कंटाळल्यात. सारखा तोच निरोप आला की पेशी तो घेणारे रिसेप्टर आत ओढून घेते. धुऊन काढ आणि गप्प बस."

धुतलं, दिवसभर काही घातलं नाही. मंगळवारी एकच थेंब टाकला, आणि आकडा सरसर चढला.

चार वर्षं तुझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी "कधी येतेस?" असायचं. मी ती ओळ वाचायचेही नाही. परवा लक्षात आलं, गेल्या तीन पत्रांत ती नाहीच.

आज रजेचा अर्ज दिला. एकवीस तारखेला दार वहिनीलाच उघडू दे, तू उठू नकोस.

तुझी,
धाकटी